रात्र एकशे बारा

ये एलिसेओ, खुर्ची ओढून घे.
पडद्यावरची ती काळी जागा
पुन्हा एकदा दाखव,
तीन अंश रुंद, डावीकडे किंचित चिंचोळी,
जिच्यापायी काल तू अख्ख्या वेधशाळेला केक वाटलास.
एकही दीर्घिका नाही म्हणालास इथे, एकसुद्धा.
मी तेव्हाच बोलायला हवं होतं,
पण केक लुकुमाचा होता
आणि तुझे कान आनंदाने लाल झाले होते.

आता ही दुसरी फाइल उघड.
हिला आम्ही मुखवटा म्हणतो.
नाव फसलंय खरं तर.
मुखवटा चेहरा झाकतो;
हा बिचारा कबुली देत बसतो
की इथे, इथे आणि इथे
आम्ही चेहरा पाहिलाच नाही.

ही गोल भोकं बघ.
प्रत्येकात एक दांडगा तारा ठाण मांडून बसलाय,
त्याच्या झगमगाटात शेजारचं कुणी दिसत नाही,
म्हणून शेजारासकट कापून काढलाय.
मोठ्यांच्या घरात असंच होतं.
ही तिरपी रेघ उपग्रहाची,
कुणाची तरी फुटबॉल मॅच घेऊन चालला होता.
हा उभा पट्टा म्हणजे कॅमेऱ्यातली मेलेली रांग,
मार्चपासून मेलीय, बदलायला पैसे नाहीत.
आणि हा कोपरा निव्वळ माझा.
मला डुलकी लागली होती.
नोंदवहीत मी लिहिलं, ‘वारा’.
मुखवट्यात मात्र खरं ते लिहिलं: शून्य.

माझा मामा उर्तादोच्या खोऱ्यात शेळ्या राखायचा.
संध्याकाळी खडे टाकून मोजायचा.
एकदा अकरा खडे हातात उरले.
शेजारी म्हणाला, पूमानं नेल्या, संपलं.
मामा म्हणाला, पलीकडच्या घळीत
मी अजून उतरलो नाही.
आणि कंदील घेऊन निघाला.
पूमानंच नेल्या होत्या, ते जाऊ दे.
पण घळ उतरण्याआधी
‘नाही’ हा शब्द त्यानं तोंडातून काढला नाही.

आता हे निळे ठिपके. वीस लाख.
हे खरे नाहीत, मी टाकलेत.
आई अंगणात मक्याचे दाणे फेकायची तसे,
मुठीमागून मूठ,
कुणा कोंबडीची बाजू न घेता.
भोकांत पडलेले पुसून टाकलेत,
उरलेल्यांशी तुझ्या दीर्घिका ताडून बघायच्या.
दाण्यांपेक्षा कोंबड्या कुठे दाट, कुठे विरळ,
तेवढंच बोलायचा आपल्याला अधिकार.
गंमत आहे की नाही?
खऱ्यांची गर्दी कळायला
आधी इतके खोटे पेरावे लागतात.

आता तुझी पोकळी.
मुखवटा तिच्यावर ठेव. सावकाश.

दिसलं?

रात्र एकशे बारा. कामांचाका.
समुद्रावरून धुकं निघालं होतं,
एकेक वळण घेत दरीतून वर चढत आलं,
जसं काही त्यालाही आमच्याकडे ड्यूटी होती.
पावणेदोनला आम्ही घुमट मिटला.
स्वयंपाकघरात दोन्या एदुविहेसनं भोपळ्याचं सूप गरम केलं,
ओस्मान पत्त्यांत सलग चार डाव हरला,
आणि वर आकाशाचा तो तुकडा
आपल्या वाटेनं निघून गेला
आमच्यावाचून.

तीन अंश रुंद, डावीकडे चिंचोळा.
तिथे काही नाही, असं म्हणता येणार नाही.
काही आहे, असंही नाही.

नको, असा मान टाकून बसू नकोस.
केकचे पैसे कुणी मागत नाही, आणि केक कुणी परतही करणार नाही.
निबंध फाडू नकोस, पहिलं वाक्य तेवढं बदल:
‘नाही’च्या आधी ‘पाहिलेलं’ घाल.
एका शब्दानं लांबेल,
सोळा पानांनी आखूडही होईल कदाचित.

सप्टेंबरात तो तुकडा पुन्हा डोक्यावर येतोय.
नऊ तारखेला पाळी माझी आहे,
तुझंही नाव मी लिहून टाकलंय.
जाड स्वेटर घाल, कॉफीचा थर्मास आण,
आणि एलिसेओ,
मला झोपू देऊ नकोस.